प्रल्हादने नाव घेतलं, त्याचा पुरावा

आमच्या प्रल्हादचा घटस्फोट ज्या दिवशी कागदोपत्री पुरा झाला, त्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखाच तबल्याची पिशवी खांद्याला लावून आमच्या बेसमेंटमध्ये उतरला. डग्ग्यावर हात फिरवता फिरवता म्हणाला, "काका, मला एक पत्र लिहून द्याल का? अर्ध्या पानाचं चालेल."

त्या अर्ध्या पानाने माझं पुढचं दीड वर्ष खाल्लं.

प्रल्हाद मूळचा अमरावतीचा. शिकागोत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नेपरव्हिलला आमच्या घरी कीर्तनाला तबला वाजवतो. मी दिवसभर एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो आणि त्या एका शनिवारी उपरणं गळ्यात घालून नारदाच्या गादीवर उभा राहतो. "उभा राहतो" एवढंच म्हणतो, कारण "कीर्तन करतो" म्हणायला माझ्या बायकोची, मीनाक्षीची, हरकत आहे. कीर्तन बुवा करतात, तुम्ही आठवण करून देता, असं तिचं मत. मंडळाचे सतरा सभासद आहेत. त्यातले अकरा बरोब्बर आरतीला पोचतात, म्हणजे खिचडी गरम असते. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. झांज वाजली, पहिला "जय जय" घशातून निघाला, की बाहेर बर्फ आहे का उन्हाळा आणि सोमवारी ऑफिसात किती फायली आहेत, यातलं काही माझ्या लक्षात राहत नाही. देवाने मला गळा बेताचा दिला, पण ओढ भरपूर दिली. तक्रार नाही.

तर पत्र. प्रल्हादची बायको ऋता इथेच जन्मलेली, इथलीच नागरिक. तिच्याशी लग्न झालं म्हणून त्याला ग्रीन कार्ड मिळालं. पण लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड हातात आलं, तर ते कच्चं असतं. दोन वर्षांचं. ती मुदत संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, दोघांनी सह्या करायच्या, की बाबांनो आमचं लग्न खरं आहे. मग पक्कं कार्ड. हे मला चटकन समजलं, कारण आमच्याकडेही आधी पूर्वरंग असतो आणि मग उत्तररंग. यांचं मात्र मध्यंतरात, बुक्का लावायच्या वेळेलाच, आटोपलं.

का आटोपलं, तर सभ्यपणामुळे. ऋताला दूर पश्चिम किनाऱ्याजवळ, रेडमंडला, मोठी नोकरी मिळाली. प्रल्हाद म्हणाला, जा. ती मनात म्हणाली, हा थांब म्हणाला असता तर. तो मनात म्हणाला, ही चल म्हणाली असती तर. कोणीच कोणाला अडवलं नाही. वर्षभर फोनवर एकमेकांची विचारपूस करत करत दोघं वेगळे झाले. आमच्या मीनाक्षीने मला इतक्या सभ्यपणे वागवलं असतं, तर आम्हीही तिसऱ्या वर्षीच वेगळे झालो असतो.

"आता दोघांची सही नाही चालणार," प्रल्हाद म्हणाला. "मला एकट्याला अर्ज करायचाय. लग्न इन गुड फेथ केलं होतं, कार्डासाठी नव्हतं, हे प्रूव्ह करावं लागतं. ओळखीच्या लोकांची ॲफिडेव्हिट्स लागतात."

"आणि नाही पटलं त्यांना तर?"

त्याने तबल्याच्या चाटीवर एक टिचकी मारली. "तर कार्ड जातं. मग कोर्ट. जुना वर्क व्हिसा तर कधीच संपला. काका, मला दहा वर्षं झाली इथे. मी परत जाऊ शकतो, तसं काही नाही. पण हाकलला म्हणून नको."

मी त्याला शब्द दिला. त्याच्या भल्यासाठी दिला, हे खरंच आहे. पण नेपरव्हिलमध्ये कीर्तनातली धुमाळी वाजवणारा दुसरा माणूस नाही, हेही त्या क्षणी मनात आलं नाही असं म्हणालो तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल.

आता "गुड फेथ" म्हणजे काय? मी आपला सरळ अर्थ घेतला. फेथ म्हणजे श्रद्धा. गुड फेथ म्हणजे चांगली श्रद्धा. सरकारला हे जाणून घ्यायचंय की या दोघांची श्रद्धा चांगली होती का. मला सरकारबद्दल एकदम आदर वाटला. दोन आठवडे खपून मी इंग्रजीत अकरा पानं लिहिली. आधी नमन. मग गृहस्थाश्रमाचं महत्त्व. मग दोन दृष्टान्त, एक बैलजोडीचा आणि एक वातीचा. मीनाक्षीने चहा घेता घेता वाचलं.

"अहो, यात प्रल्हाद कितव्या पानावर येतो?"

"नवव्या."

"आणि ऋता?"

मी पानं उलटून पाहिली. ऋता राहूनच गेली होती.

"दादारावांना दाखवा," मीनाक्षी म्हणाली, आणि कप विसळायला गेली.

दादाराव म्हणजे आमच्या शेजारणीचे, मैत्रीचे, वडील. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन लेकीकडे आलेत. सकाळी बुद्धवंदना म्हणून फिरायला निघतात. माझ्या कीर्तनाला न चुकता येतात, पण तबल्यासाठी. निरूपण सुरू झालं की डोळे मिटतात. झोपले असं वाटतं, पण कीर्तन संपल्यावर बरोब्बर तीन मुद्द्यांवर हरकत नोंदवतात, आणि तिन्ही वेळा मला उत्तर सुचत नाही. इतका जागा श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.

दादारावांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि अकरा पानं वाचली. एकदाही हसले नाहीत. ते मला जास्त लागलं.

"रवींद्रराव, हे प्रतिज्ञापत्र आहे की पारायण?"

"श्रद्धेबद्दल विचारलंय ना त्यांनी."

"गुड फेथ म्हणजे सद्हेतू. त्यात देव नाही. लग्न संसारासाठी केलं की कागदासाठी, इतकंच विचारलंय." त्यांनी बैलजोडी खोडली. "लग्न मोडलं, हे सरकारला माहीतच आहे. तुम्हाला सांगायचंय की लग्न होतं. तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय पाहिलं? ऐकीव नको. विशेषण नको."

मग मी त्यांना लग्नाच्या दिवसाची हकीकत सांगितली. दादाराव त्या साली अजून नागपुरातच होते.

जानेवारी महिना. प्रल्हादच्या आई-वडिलांना व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून वरपक्ष म्हणजे आम्ही. सकाळी कोर्टात सह्या, दुपारी देवळात मंगलाष्टकं, आणि संध्याकाळी गृहप्रवेश आमच्या घरी, मागोमाग माझं कीर्तन. बाहेर शून्याखाली वीस. मीनाक्षीने उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि ऊब बाहेर जायला नको म्हणून काचेचं दार आतून लावून घेतलं. मंडळाच्या बायका आत, नवरा-नवरी बाहेर.

"ऋता, नाव घे गं," मीनाक्षी काचेतून ओरडली. "नाव घेतल्याशिवाय दार नाही उघडायचं."

ऋताने नऊवारीवर जाडजूड पार्का-कोट चढवलेला. तिने मान हलवली. "काकू, मी नाव नाही घेणार. प्रल्हादला मी आधीच सांगितलंय. आय ॲम कीपिंग माय नेम."

"अगं, ठेव की. ठेव आणि घे."

"दोन्ही कसं करणार?"

"सगळ्याच करतात. मी नाही का केलं?"

"दॅट वॉज युअर चॉइस, काकू. आय रिस्पेक्ट दॅट."

आतल्या बायकांना वाटलं, मुलगी लाजतेय. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ऋताची आई असती तर तिने घोळ निस्तरला असता, पण ती मागच्या गाडीत होती आणि ती गाडी रस्त्यावरच्या बर्फात रुतली होती. सात मिनिटं झाली. प्रल्हादच्या भुवया पांढऱ्या दिसायला लागल्या. शेवटी तोच पुढे झाला, दात वाजवत, एका दमात म्हणाला,

"बर्फ पडला गुडघाभर, गारठले माझे पाय,
ऋताचं नाव घेतो, आता आत येऊ की काय?"

दार उघडलं. ऋताला काय झालं ते कळलं नाही, पण सगळे हसले म्हणून तीही हसली, आणि तिने माप असं ओलांडलं की तांदूळ चपलांच्या कपाटापर्यंत गेले. माझ्या एका बुटात अजून निघतात.

दादाराव आता पहिल्यांदा हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हे लिहा. हे प्रत्यक्षदर्शी विधान आहे. वधूने नाव घेण्यास नकार दिला, तेव्हा वराने सर्वांसमक्ष वधूचे नाव घेतले. स्थळ, वेळ, तारीख. बाकी सगळं काढून टाका."

अकरा पानांच्या नऊ ओळी झाल्या. नवव्या ओळीत ते वाक्य होतं: ही टुक हर नेम. मग दादारावांनी समाधानाने लाल पेनाला टोपण लावलं. "तीस वर्षं कागद पाहिले, रवींद्रराव. माझ्या हातून गेलेल्या कागदावर कधी शेरा आला नाही."

नोटरी करायला बँकेत गेलो. सरावाहून परस्पर गेलो होतो, त्यामुळे कोटाच्या खिशात झांजा. नोटरी बाई म्हणाली, उजवा हात वर करा. मी हात वर केला, कोट वर गेला, आणि झांजा खिशातून निसटून फरशीवर अशा काही खणखणल्या की काउंटरवरचे दोघं खाली वाकले. पहारेकरी आला. त्याने झांज उचलून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, देवाला बोलवायचं साधन आहे. त्याने ती माझ्या हातात अगदी हळू ठेवली. शपथ मात्र मला दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

अर्ज गेला. कच्च्या कार्डाला मुदतवाढीचं पत्र आलं. पुढचे अकरा महिने काही नाही. आम्ही निवांत होतो. मी तर दोन शनिवारच्या निरूपणात "सत्य थोडक्यात सांगावं" हा विषयसुद्धा घेतला. दादारावांनी त्या दिवशी एकच हरकत नोंदवली.

मग एका मंगळवारी प्रल्हाद तबल्याशिवाय आला. हातात लिफाफा. चेहरा पाहून मीनाक्षीने गॅस बंद केला.

पत्रातली भाषा थंड होती. अर्जदाराने "आजवर वापरलेली इतर नावे" या रकान्यात "नाही" लिहिले आहे. मात्र साक्षीदार रवींद्र यांनी शपथेवर लिहिले आहे की अर्जदाराने विवाहानंतर पत्नीचे नाव घेतले. पत्नीने अर्जदाराचे नाव घेण्यास नकार दिल्याचेही त्यात नमूद आहे. तरी अर्जदाराने नावबदलाचा कायदेशीर पुरावा सादर करावा, अथवा ही माहिती का दडवली याचा खुलासा करावा.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला, की इंग्रजीत एखाद्याचं नाव घेणं म्हणजे ते स्वतःला लावणं, आणि तो प्रकाश पडला नसता तर बरं, असं वाटलं.

"काका," प्रल्हाद म्हणाला, "दडवलं असं लिहिलंय त्यांनी." तो माझ्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर मला माफी तरी मागता आली असती.

दादारावांना सांगायला गेलो, तर त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि दोन दिवस ते फिरायला निघाले नाहीत. मैत्री म्हणाली, बाबा जेवतायत, पण बोलत नाहीत.

इकडे मंडळात बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, कोर्टात जाऊन खरंच नाव बदलून घे, मग विधान खरं होईल आणि नंतर परत बदल. दुसरा म्हणाला, रवीकाकांनी लिहून द्यावं की त्या दिवशी ते शुद्धीवर नव्हते. हा सल्ला फार जणांना पटला. तिसऱ्याने सुचवलं की लग्नाचे फोटो द्यावेत, फोटो बोलतात. म्हणून मी काढलेले फोटो उघडून बसलो. दोनशे चौदा निघाले. त्यातले एकशे नव्वद पूजेच्या चौरंगाचे, वेगवेगळ्या कोनांतून. उरलेल्यांत श्रीखंडाच्या पातेल्यामागे अर्धी ऋता.

"तुम्ही माणसांचे फोटो काढता कुठे," मीनाक्षी म्हणाली. "तुम्ही देवाचे काढता. देवाचं कार्ड पक्कंच आहे."

रात्रीची वेळ नव्हती, पण मला अंधारून आलं. मी खाली बेसमेंटमध्ये जाऊन पांडुरंगापुढे बसलो आणि म्हणालो, बाबा रे, जन्मभर तुझं नाव घेतलं, कधी कोणाला उलगडून सांगावं लागलं नाही. या एका पोराच्या नावापाशीच मला का अडकवलंस.

ऋताला फोन प्रल्हादनेच लावला. स्पीकरवर. सगळं ऐकून ती इतकी हसली की तिला खोकला आला.

"वेट. काकूंना फक्त एक पोएम हवी होती?"

"हो," मीनाक्षी म्हणाली.

"दारातल्या दारात? एक पोएम? आणि आम्ही सात मिनिटं बर्फात उभे होतो?" थोडा वेळ फोनवर नुसता रेडमंडचा पाऊस ऐकू आला. "मला कोणी सांगितलं का नाही? मी म्हणाले असते, काकू. आय वुड हॅव सेड अ पोएम."

प्रल्हाद फोनकडे पाहत होता. तिला सांगायला हवं होतं ते त्या दिवशी दारातच.

ऋताने लगेच सविस्तर पत्र पाठवलं. पण प्रल्हादने आता नेमलेल्या वकीलबाई, मिसेस केलर, म्हणाल्या की घटस्फोटित पत्नीचं पत्र चांगलं, तरी मूळ विधान मिस्टर रवींद्र यांचं आहे, तेव्हा त्या प्रथेचा दाखला पाहिजे आणि घटनेचा पुरावा. "म्हणजे नवऱ्याने सगळ्यांसमोर बायकोचं नाव कवितेत घेतलं?" त्यांनी दोनदा विचारलं. "आणि ते कायमचं नव्हतं?"

"तेवढ्यापुरतं," मी म्हणालो. "दार उघडेपर्यंत."

दाराच्या घंटीत कॅमेरा आहे आमच्या, पण त्यातलं साठ दिवसांनी पुसलं जातं. आणि तेव्हा मला आठवलं. लग्नाच्या त्या संध्याकाळी माझं स्वतः रचलेलं आख्यान होतं, कुंभार आणि कुंभारणीच्या संसाराचं. ते नीट चित्रित व्हावं म्हणून मी हॉलमध्ये तिकाटण्यावर कॅमेरा लावून ठेवला होता, आणि घाईत विसरायला नको म्हणून तासभर आधीच सुरू करून ठेवला होता. मीनाक्षी त्या वेळी म्हणाली होती की रिकाम्या गादीचं चित्रण कशाला. ते चित्रण मी नंतर एकदाच पाहिलं आणि रागाने ठेवून दिलं. कारण ऐन रंगात, कुंभारीण चाकावर हात ठेवते त्या ठिकाणी, प्रल्हादचा ठेका चुकला होता. साफ चुकला. मी आयुष्यात रचलेलं एकमेव आख्यान, आणि त्याचा रंग तिथे उतरला. त्यावरून मी त्याला वर्षातून एकदा तरी टोमणा मारत आलोय.

आता पुन्हा लावलं. पडद्यावर रिकामी गादी, समई, वीणा. आणि मागून स्वच्छ आवाज: मीनाक्षी, ऋता, टाळ्या, आणि मग दात वाजवत बर्फ पडला गुडघाभर.

भाषांतराला प्रमाणपत्र लागत होतं. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसाने सहीनिशी दिलं तरी चालतं, असं वकीलबाई म्हणाल्या. मी ते दादारावांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी तीन दिवस घेतले. दोन ओळींच्या उखाण्याचं भाषांतर, खाली उखाणा या प्रथेवर एक परिच्छेद, आणि शेवटी एक वाक्य: "पूर्वीच्या कागदातील संदिग्धता सदर भाषांतरकाराच्या सल्ल्याने उद्भवली असून साक्षीदार निर्दोष आहे."

"याची गरज नव्हती, दादाराव."

"कागद बिनचूक असावा," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फिरायला निघाले.

मुलाखत शिकागोत. सकाळच्या गाडीने आम्ही तिघं गेलो. प्रल्हाद सुटात, दादाराव टाय लावून, आणि मी मीनाक्षीने खिसे तपासून दिलेल्या कोटात. दादाराव बाहेर बसले. आत प्रल्हाद, मिसेस केलर आणि साक्षीदार म्हणून मी.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी दादारावांचा परिच्छेद वाचला. मग लॅपटॉपवर चित्रण लागलं. रिकाम्या गादीकडे त्या चार मिनिटं पाहत राहिल्या. उखाणा झाला. हशा, दार उघडल्याचा आवाज, तांदूळ सांडल्याचा आवाज. वकीलबाई बंद करायला गेल्या.

"चालू राहू दे, जरा पुढे सरकवा," अधिकारी बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता आख्यान. मी खुर्चीत सरळ बसलो. पडद्यावर मी उभा होतो, फेटा जरा तिरका, पण बरा दिसत होतो. बाई मात्र माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी बोट डाव्या कोपऱ्यावर ठेवलं.

तिथे प्रल्हाद तबल्यावर बसला होता. शेजारी ऋता. तिचे मोजे भिजले असावेत, कारण ते तिने काढून हीटरच्या जाळीवर वाळत घातले होते. मी तिकडे कुंभारणीचं वर्णन करतोय. इकडे ऋता हळूच सरकली, आणि तिने आपली गारठलेली पावलं प्रल्हादच्या मांडीखाली घातली. प्रल्हाद दचकला. दोन्ही हात तबल्यावर, काही करता येईना. ठेका गेला. पडद्यावरच्या मी त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच माझी भीती वाटली. त्याने मात्र तिच्याकडे पाहिलं, आणि मांडी जरा वर उचलून तिच्या पावलांना नीट जागा करून दिली. मग पुन्हा ठेका धरला.

इतकी वर्षं मी हे पाहिलंच नव्हतं. चित्रणात मी फक्त मला पाहिलं होतं.

"हे रागावलेले गृहस्थ कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"का रागावलात?"

"ठेका चुकला होता."

"का चुकला?"

शपथेवर बोलत होतो. विशेषण नको, ऐकीव नको. "तिचे पाय गार होते," मी म्हणालो.

बाईंनी प्रल्हादकडे पाहिलं. "ती नेहमी असं करायची?"

तो पडद्याकडेच पाहत होता. "तीन हिवाळे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मला आवडत नाही असं सांगायचो."

बाईंनी काही तरी लिहिलं. लॅपटॉप मिटला. मग मला म्हणाल्या, "हा कार्यक्रम किती वेळ चालतो?"

"दोन तास चाळीस मिनिटं," मी म्हणालो, आणि आख्यानाबद्दल पुढे काही विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मी प्रल्हादला म्हणालो, "तो त्या दिवशीचा ठेका, बरं का. मी माझे शब्द मागे घेतो."

"सगळे?"

"त्या एका ठेक्यापुरते. मागच्या महिन्यातला तुझा गोंधळ वेगळा."

दादाराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मागच्या महिन्यात तुम्हीच बेसूर होतात. मी हरकत नोंदवली होती."

कार्ड सहा आठवड्यांनी आलं. पक्कं, दहा वर्षांचं. पत्ता आमच्या घरचा दिलेला होता, कारण प्रल्हाद तेव्हा भाड्याचं घर बदलत होता. मीनाक्षीने ते देवापुढे ठेवलं आणि त्याला दुसऱ्या शनिवारी लवकर ये म्हणून सांगितलं. ऋतालाही कळवलं. ती त्या वेळी फोनवर येणार होती.

शनिवारी तो आला तेव्हा मीनाक्षी दारात. खाली उंबरठ्यावर तांदळाचं माप. काचेचं दार आतून लावलेलं.

"काकू, हे काय?"

"नाव घे," ती सवयीने म्हणाली. आणि म्हणताच तिच्या लक्षात आलं. तिचा हात कडीवर तसाच राहिला. माझ्या हातातल्या फोनवर ऋता होती, तिचाही चेहरा क्षणभर थांबला. कोणाचं नाव घेणार तो? मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मी तिला दार उघड म्हणणार, तेवढ्यात प्रल्हादने तबल्याची पिशवी खाली ठेवली. हात जोडले आणि काचेतून म्हणाला,

"पक्कं कार्ड आलं घरी, नेपरव्हिल माझं गाव,
आज पहिल्यांदा घेतो, प्रल्हाद हे माझंच नाव."

फोनमधून सगळ्यांत आधी टाळ्या आल्या. "नॉट बॅड," ऋता म्हणाली. "पण ट्रान्सलेट करा ना कोणीतरी."

मीनाक्षीने दार उघडलं. तांदूळ पुन्हा माझ्या बुटात गेले. दादाराव सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या कानाशी वाकून अगदी हळू सांगितलं,

"रवींद्रराव, हे मात्र कुठे लिहून देऊ नका."